सात नंबरच्या बेडशेजारी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी आमच्या गावच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंचे म्हणून सांगतो. आईवडिलांना त्याचं वाईट वाटत नाही. तेही हेच सांगतात.

आमचं गाव लांजा तालुक्यात. वडील चिरेखाणीवर कामाला होते. घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. बाई देशावरच्या, कराडकडच्या. त्यांच्या बोलण्याला गाव हसायचं आणि घरात कोणी तापाने फणफणलं की त्यांच्याच दारात जायचं. मी आठवीत असताना उपकेंद्राच्या पायरीवर बसून औषधांच्या खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचत असे. बाईंनी ते पाहिलं आणि एक दिवस वडिलांना गाठून सांगितलं, हा पोरगा खाणीवर जाणार नाही. वडिलांनी विचारलं, मग कुठे जाणार? बाई म्हणाल्या, ते मी बघते. त्यांनी खरोखरच बघितलं. बारावीनंतरचे फॉर्म त्यांनी भरले. प्रवेशाला मिरजेपर्यंत त्या माझ्याबरोबर एसटीने आल्या. कॉलेज बघताना शवविच्छेदनाच्या खोलीचा वास आला आणि मी तसाच बाहेर पळून आलो, तेव्हा त्या बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. "जा आत," म्हणाल्या. "मी हितंच बसलीय."

डॉक्टर झाल्यावर मी रोगी तपासण्यापेक्षा रोग कुठून कुठे जातो हे शोधण्याच्या कामाकडे वळलो. औषधांना दाद न देणारे जंतू हा माझा विषय. आईला अजून वाटतं, मी डॉक्टर असून कुणाला औषध देत नाही म्हणजे माझं कुठेतरी अडलंय. बाईंना मात्र हे काम पहिल्यापासून कळलं. सुट्टीवर गेलो की त्या एकेक गोष्ट विचारून घेतात. त्यांच्यापासून मी कधी काही लपवलं नव्हतं. मी नोकरीला असतो त्या बहारीनमध्ये जे घडलं ते तेवढं सहा महिने लपवलं.

तिथल्या इस्पितळात एक जंतू शोधण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. तो मला सापडला. पण तो सापडताना एका साध्या, भल्या माणसाच्या मनाची मोडतोड होऊ नये हेही माझ्याकडेच होतं, आणि ते मला जमलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या अतिदक्षता विभागात सात नंबरचा बेड कोपऱ्यातला. शेजारी खिडकी, आणि हात धुण्याचं बेसिन हाताच्या अंतरावर. जागा सगळ्यात सोयीची, म्हणून सगळ्यात नाजूक पेशंट तिथे. हिवाळ्यात तिथे एक आजोबा होते, बहारीनचेच, जन्मभर टॅक्सी चालवलेले. त्यांना न्यूमोनिया झाला आणि राखून ठेवलेली शेवटची इंजेक्शनंसुद्धा लागू पडेनात. ते गेले. बेड धुतला, गादी बदलली, पडदे उतरवून नेले. तीन आठवडे तिथे कोणीच नव्हतं. मग बाळंतपणानंतर अत्यवस्थ झालेली एक तरुण बाई तिथे आली, आणि दहाव्या दिवशी तिच्या रक्तात तोच जंतू निघाला.

तोच म्हणजे त्याच जातीचा एवढंच नाही. प्रयोगशाळेने दोघांच्या जंतूंची वंशावळ लावून पाहिली आणि दोन्ही एकाच कुळातले निघाले. आजोबा आणि ती बाई एकमेकांना कधी भेटले नव्हते. मधले तीन आठवडे तो कुठे होता?

प्रयोगशाळेत मी स्वतः जाऊन बशी पाहिली. काचेच्या बशीत जंतू पेरतात आणि वर औषधांच्या छोट्या कागदी चकत्या ठेवतात. औषध लागू पडलं की चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ वर्तुळ उमटतं. या बशीत एकही वर्तुळ नव्हतं. जंतू चकत्यांच्या कडांना टेकून वाढले होते, आणि दोन चकत्यांवर तर चढले होते. झाकण उचललं तसा गोडसर वास आला, पिकलेल्या द्राक्षांचा. तो वास चांगला होता. तेच मला नको वाटलं.

उन्हाळ्यापर्यंत पाच जण झाले. सगळे सात नंबरवरचे. ती बाळंतीण बरी होऊन घरी गेली, आणखी एक जण बरा झाला, पाचवे अजून त्याच बेडवर होते. आजोबा धरून दोघे गेले. ते या जंतूने गेले की मुळात होता त्या आजाराने, हे कोणालाही शपथेवर सांगता आलं नसतं. पण वॉर्डात शपथ कोण मागतो? नर्स पोरींनी सात नंबरची ड्यूटी आपसात बदलून घ्यायला सुरुवात केली. एक जण त्या बेडकडे जाताना गळ्यातला क्रूस मुठीत धरायची, एक जण ओठातल्या ओठात काही पुटपुटायची. इन्चार्ज सिस्टर केरळच्या, वीस वर्षं तिथे काढलेल्या. त्या मला म्हणाल्या, "डॉक्टरसाब, आपके जंतू का वीजा परमनंट है क्या? हम सबका कॅन्सल होता है, उसका नहीं होता."

त्या बेसिनला एक खोड होती. पलीकडच्या खोलीत कोणी नळ बंद केला की इकडे कोणी हात लावलेला नसताना त्याच्या भोकातून आवाज यायचा. घशात आवंढा गिळावा तसा. सिस्टर म्हणायच्या, "भूख लगी है उसको." पोरी हसायच्या. पण बेसिनकडे पाठ करून कोणी उभं राहायचं नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. मीही राहत नसे.

आम्ही सगळीकडचे नमुने घेतले. नळाचं तोंड, नळाचं पाणी, बेडचे कठडे, श्वासाचं यंत्र, सगळ्यांच्या हातांचे तळवे. काही निघालं नाही. बेसिनवरून तर बोट फिरवलं तर कर्रर्र वाजावं इतकं ते स्वच्छ होतं. ते तसं ठेवणारा माणूस राजापूर तालुक्यातला होता.

ते वॉर्डात मदतनीस होते, पन्नाशीचे. वर्षभरापूर्वी मी जिन्याजवळून जाताना ते फोनवर बोलत होते आणि कानावर माझ्या गावची बोली पडली, तेव्हा मी थांबलो. तेव्हापासून मी त्यांना दादा म्हणायचो आणि ते मला सायब. माझं घर हमद टाउनला. तिथे पत्ता राउंडअबाउटच्या आकड्यावरून सांगतात, आणि एका शुक्रवारी ते बस बदलत, राउंडअबाउट मोजत जेवायला आले होते. माझी मुलगी त्यांच्याशी इंग्रजीत बोलली. ते मराठीत उत्तर देत राहिले. दोघांचं छान चाललं. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार होती, आणि बाळ झालं की महिनाभर सुट्टी टाकून जायचं हे त्यांनी इस्पितळाला माणसं पुरवणाऱ्या आपल्या कंपनीकडे आधीच सांगून ठेवलं होतं. बाळाला आपणच पहिली अंघोळ घालणार असं त्यांनी बायकोला कळवलं होतं, आणि बायकोने, पुरुषाचं काय काम तिथं, म्हणून झिडकारलं होतं. हे ते हसत हसत सांगायचे.

पेशंटला कुशीवर वळवताना ते त्याच्याशी मराठीत बोलायचे. शुद्ध हरपलेल्या टॅक्सीवाल्या आजोबांनासुद्धा, "चला आजोबा, जरा हिकडं तोंड करा, खिडकी बगा." आजोबांना मराठीचा गंध नव्हता. पण ते बोलायला लागले की आजोबांच्या छातीचे ठोके दाखवणारा आकडा खाली यायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

नमुन्यांत काही निघेना, तेव्हा मी ठरवलं की बसून बघायचं. तीन दिवस, सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत, खुर्ची टाकून सात नंबरसमोर बसलो. त्या वेळी तिथे एक वयस्क गृहस्थ होते, पाचवे. कोण आलं, कशाला हात लावला, हात धुतले की नाही, पंधरा पंधरा मिनिटांचे रकाने करून सगळं लिहिलं. सिस्टर जाता-येता टोमणा मारायच्या, "निबंध पूरा हुआ क्या?" तिसऱ्या दिवशी वही भरली आणि मी ती घेऊन आमच्या विभागप्रमुखांकडे गेलो.

त्या बहारीनी. वयाने माझ्याहून मोठ्या, बोलायला कमी. त्यांनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचली. मग एका रकान्यावर बोट ठेवलं, पानं उलटून दुसऱ्यावर ठेवलं, मग तिसऱ्यावर. एक ते सव्वा. तिन्ही दिवस तो रकाना कोरा होता.

या वेळात काय होतं, त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, काही नाही.

"काही नाही, असंही लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

मी ती पानं पुन्हा पुन्हा बघितली. बाकी एकही रकाना कोरा नव्हता. मी जेवायला उठलो नव्हतो. मला डुलकी लागली नव्हती. दुपारची बांग होऊन गेलेली आठवत होती, खिडकीच्या पडद्याच्या फटीतून गादीवर पडलेला उन्हाचा पट्टा आठवत होता. त्यानंतर सव्वा वाजता नर्सने रक्तदाब घेतला, तो लिहिलेला होता. मधला पाव तास माझ्या डोळ्यांसमोरून गेला होता आणि आत काही ठेवून गेला नव्हता. एकदा घडलं असतं तर मी सोडून दिलं असतं. तीन दिवस, त्याच वेळी. घरी गेल्यावर बायकोने विचारलं, बरं नाही का?

चौथ्या दिवशी मी पुन्हा जाऊन बसलो. एक वाजेपर्यंत काही लिहिलं नाही, नुसतं पाहिलं.

एक वाजला. नर्सने पेशंटच्या नाकातल्या नळीतून द्यायचं दूध दिलं. आमच्याकडे ते पावडरचं, दाट, बेसन कालवल्यासारखं असतं. जगमध्ये उरलं ते तिने नेहमीप्रमाणे दादांच्या हाती दिलं. दादा सात नंबरपाशी आले. ते उरलेलं दूध त्यांनी बेसिनमध्ये ओतलं, एका कडेने, हळू, थेंबही बाहेर उडू न देता. वरून पाणी सोडलं. मग बेसिन घासून पुसून कोरडं केलं आणि निघून गेले.

मला कळलं की हे मी तिन्ही दिवस पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि त्यात लिहिण्यासारखं मला काही दिसलं नव्हतं.

नियम असा की उरलेलं दूध मागच्या खोलीत नेऊन टाकायचं. तो कागद भिंतीवर इंग्रजीत लावलेला आहे. पण मागच्या खोलीत पेशंटची शौचाची भांडी धुतात. आमच्याकडचा कोणीही माणूस उरलेलं अन्न संडासात टाकणार नाही. गाईला घालेल, झाडाच्या मुळाशी ओतेल, काहीच नसलं तर स्वच्छ मोरीत सोडेल. त्या वॉर्डात स्वच्छ मोरी एकच होती. फिलिपिनो नर्स माझ्या जागी बसली असती तर तिने पहिल्याच दिवशी लाल शाईने लिहिलं असतं. मी लांज्याचा. मला ते दिसलंच नाही.

जंतू त्या भोकाच्या आत होता. नळाच्या तोंडाशी, पाण्यात, कडेवर, आम्ही जिथे जिथे बघितलं तिथे तो नव्हता. तो खाली, पाइपच्या वाकात होता. तिथे त्याला रोज दूध मिळत होतं आणि तो थोडा थोडा वर चढत होता. जाळीपर्यंत पोचला की नळ सोडताच शिंतोड्यांबरोबर बाहेर उडत होता. प्रत्येक जण पेशंटला हात लावण्याआधी तिथेच हात धुवत होता.

हे सिद्ध करायला एक साधी चाचणी असते. बेसिनच्या भोकात एक रंग ओततात. साध्या उजेडात तो दिसत नाही, जांभळ्या दिव्याखाली चमकतो. मग नेहमीसारखा नळ सोडायचा आणि अंधार करून बघायचं.

ते गृहस्थ बरे होऊन साध्या वॉर्डात गेल्यावर शुक्रवारी दुपारी आम्ही ते केलं. बेड रिकामा होता. वर धुतलेली चादर, उशी. सिस्टरनी खिडक्यांना काळे पडदे लावले. मला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून दिवा धरायला मी दादांना बोलावलं. माझ्या प्रत्येक कामात ते असे मदतीला यायचेच. हे कशासाठी चाललंय ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. संध्याकाळी निवांत बसवून सांगू, असं मनात होतं. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

मी रंग ओतला, नळ सोडला, हात धुतले, बंद केला. सिस्टरनी दिवे घालवले. बाहेर भर दुपार होती आणि आत एकदम विहिरीत उतरल्यासारखं झालं. यंत्रं बंद. मग त्या भोकातून आवंढा गिळल्याचा आवाज आला. या वेळी कोणी हसलं नाही.

"लावा," मी म्हणालो.

दादांनी दिवा लावला. बेसिनच्या काठावर हिरवे ठिपके होते, दाट, काजवे बसावेत तसे. त्यांनी झोत सरकवला. नळाच्या मुठीवर ठिपके. औषधं भरायच्या ओट्यावर ठिपके. बेडच्या कठड्यावर, चादरीवर, आणि उशीच्या मधोमध, जिथे डोकं असतं तिथे, पाच-सहा. झोत माझ्याकडे वळला. माझा शर्ट छातीपासून पोटापर्यंत चमकत होता. मग त्यांनी दिवा स्वतःकडे केला, का ते मला माहीत नाही. त्यांच्या उजव्या हाताच्या पाठीवर एक थेंब होता. तो त्यांनी खूप वेळ बघितला.

"सायब, ह्यां काय?"

मी सांगितलं. खाली पाइपात जंतू आहेत, पाणी सोडलं की ते असे उडतात, ठिपके दिसतायत तिथे ते पोचतात. मी एवढंच सांगितलं होतं. पुढचं त्यांनी स्वतः विचारलं.

"खाली ऱ्हातो तो. मग खातो काय?"

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना मराठी येत नाही, पण वीस वर्षांत कोणत्या वाक्याला काय अर्थ आहे हे माणसाला आवाजावरून कळतं. दादांनी झोत पुन्हा बेसिनच्या भोकावर धरला.

"मीच घालतो," दादा म्हणाले.

मी म्हणालो, तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, मीही बघितलं आणि मलाही कळलं नाही.

"सायब, तिथं संडासाची भांडी धुवतात," ते म्हणाले. "माणसाच्या तोंडचा घास तिथं कसा ओतू?"

त्यांच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं, हे एकच उत्तर माझ्याकडे होतं आणि ते त्यांच्या उपयोगाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्लंबरने बेसिन काढलं. पाइपचा वाक सोडवून त्याने पांढऱ्या टॉवेलवर ठेवला. आत दुधावर साय धरते तसा जाड, पिवळसर थर होता. टेबलाला धक्का लागला की तो थरथरायचा. वास गोड होता. मी दादांना येऊ नका म्हटलं होतं. ते दारात उभे होते.

रिपोर्टात मी कोणाचं नाव घातलं नाही. उरलेलं दूध टाकायला मानाने टाकता येईल अशी जागाच दिलेली नव्हती, असं लिहिलं. निरीक्षकाने ही गोष्ट तीन दिवस पाहिली आणि नोंदवली नाही, हेही लिहिलं. विभागप्रमुखांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि राहू दिलं. म्हणाल्या, आपण पाइप बदलतो, माणूस बदलत नाही. बेसिनची जागा भिंतीने बुजवली. उरलेल्या दुधासाठी झाकणाचं वेगळं भांडं आलं. सात नंबरवर त्यानंतर तो जंतू कोणालाच लागला नाही. कंपनीने किंवा इस्पितळाने दादांना एक शब्द विचारला नाही.

पण ते पेशंटशी बोलेनासे झाले. कुशीवर वळवायचं असलं की दुसऱ्याला पुढे करायचे. त्यांच्या हातांची साल निघायला लागली तेव्हा सिस्टरनी मला बोलावून दाखवलं, हे दिवसभर हात धुतात. माझ्याकडे येऊन म्हणाले, सायब, माझे हात तपासा. मी नमुना घेतला. काही निघालं नाही. पुन्हा घ्या म्हणाले, पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा रिपोर्टचा कागदच छापून त्यांच्या हाती दिला. त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "कागदाला काय म्हाईत."

पुढच्या महिन्यात ते व्हिसा कायमचा कॅन्सल करून गावी गेले. विमानतळावर मी सोडायला गेलो. ते गाडीत मागच्या सीटवर बसले, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून, कशालाही न टेकवता. मुहर्रकच्या पुलावर मी आरशात पाहिलं, तेव्हाही तसेच. पोचल्यावर उतरले नाहीत. मला कळायला वेळ लागला. दार मी उघडावं म्हणून ते थांबले होते.

तिथून माझे फोन त्यांनी घेतले नाहीत. मग एक दिवस त्यांच्या बायकोचा आला. मुलीला मुलगा झाला आहे. हे बाळाच्या खोलीत पाय ठेवत नाहीत. पडवीत झोपतात, ताट-वाटी वेगळी, ती स्वतः घासतात आणि उन्हात ठेवतात. न्हाणीतून पाणी जाताना आवाज झाला की जेवताजेवता उठतात. "डाक्टर," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या हातानं माणसं मेलीत म्हणतात. कोण मेली वो?"

मी त्यांना सगळं सांगितलं. फोन ठेवल्यावर विचार करत बसलो की आता तो माणूस कोणाचं ऐकेल. माझं नाही. मी तर दिवा हातात देणारा. कागदाचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हे पत्र लिहिलं आणि पाठवलं. बाईंना मोबाइलवर लांब वाचवत नाही, म्हणून पोस्टाने.

*

बाई,

नमस्कार करतो आणि लगेच कामाचं बोलतो, कारण हे मी तुम्हाला फार उशिरा सांगतो आहे.

सोबतच्या पानांवर सगळी हकीकत लिहिली आहे. ती आधी वाचा. त्या माणसाचं गाव आणि घराची खूण शेवटच्या पानावर आहे. राजापूरहून गाडी जाते, फाट्यावर उतरून दहा मिनिटं चालायचं. तुमचे गुडघे मला माहीत आहेत. रिक्षा करा.

त्यांनी कोणाला मारलं नाही असं त्यांना सांगू नका. ते मी सांगून झालं आहे, आणि खरं बोलायचं तर शपथेवर मलाही सांगता येणार नाही. दूध त्यांनी ओतलं. मी बघत बसलो. ते दोघे कशाने गेले ते आम्हाला कधी कळणार नाही. एवढं खरं आहे, आणि विचारलं तर एवढंच सांगा. तुम्ही गोड बोलायला लागलात तर ते ओळखतील.

त्यांच्या हातांवर काही नाही. मी तीनदा बघितलं. हे पुस्तकातलं नाही, माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे. पण माझ्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा राहिलेला नाही, आणि का राहावा? म्हणून तुम्हाला लिहितो आहे. तुम्ही मला ओळखता म्हणून आलात हे त्यांना सांगू नका. माझं नाव घेतलंत तर ते मागच्या दाराने निघून जातील.

बाळ आता महिन्याचं होईल. पुढच्या पंधरवड्यात त्याचं दीड महिन्याचं इंजेक्शन आहे. तिथल्या उपकेंद्रातल्या नर्सला तुम्ही ओळखत असाल, नसाल तर ओळख काढाल. तिच्याबरोबर त्या दिवशी त्यांच्या घरी जा. टोचताना बाळाच्या मांड्या कोणाला तरी घट्ट धराव्या लागतात. त्याच्या आईला पाणी तापवायला सांगा, आजीला कपडे आणायला पाठवा. तुमच्या हातात रजिस्टर असू दे आणि नर्सच्या हातात सुई. मग पडवीत जो माणूस बसलेला असेल त्याला हाक मारा, की कोणी मोकळं नाही, जरा बाळ धरता का.

ते हात दाखवतील. सालपटं गेलेले आहेत. म्हणतील, मी नको.

तुम्ही सांगा की सुई भरून झाली आहे, फार वेळ ठेवता येत नाही.